आया सोफियाचा घुमट

माझा मामा नोकरीनिमित्त इस्तंबूलला असतो. २०२४ च्या सुट्टीत त्याच्याकडे गेले तेव्हा आया सोफिया बघायचीच, हे आधीच ठरवलं होतं. परदेशी पर्यटकांना २५ युरो तिकीट (म्हणजे जवळजवळ आपलं महिन्याचं मेस बिल!), आणि खाली नमाज असल्यामुळे सोडतात फक्त वरच्या गॅलरीत. ओढणी डोक्यावर घेतली आणि गेले.

वर बघितल्यावर सिव्हिलवालीला पहिला प्रश्न पडणार: हे पडत कसं नाही? तर, पडलंय की!

सम्राट जस्टिनियनने हे चर्च ५३२ ते ५३७ मध्ये बांधून घेतलं. अँथेमियस आणि इसिडोर हे त्याचे आर्किटेक्ट, दोघेही भूमितीतले पक्के. चौकोनावर गोल घुमट बसवायचा कसा? त्यांनी चार प्रचंड कमानी उभारल्या आणि त्यांच्या मधल्या कोपऱ्यांत वक्र त्रिकोण भरले. त्यांना पेंडेंटिव्ह म्हणतात. घुमटाचं वजन त्यांतून चार खांबांवर उतरतं. पण घुमट नुसता खाली दाबत नाही, बाहेरही ढकलतो. पोस्टकार्ड कमानीसारखं वाकवून टेबलावर ठेवा आणि वरून बोटाने दाबा, कडा लगेच बाहेर सरकतील. हा रेटा घ्यायला पूर्व-पश्चिमेला अर्धघुमट आहेत, उत्तर-दक्षिणेला नाहीत. त्यात पहिला घुमट चपटा, म्हणजे रेटा आणखी जास्त. भूकंपांनंतर ५५८ मध्ये तो कोसळला. इसिडोरच्या पुतण्याने तो सुमारे सहा मीटर उंच करून परत बांधला. तरी ९८९ आणि १३४६ मध्ये काही भाग पडलाच.

१४५३ मध्ये सुलतान मेहमदने शहर जिंकलं आणि चर्चची मशीद झाली. मला वाटायचं, इथे बांधकामाची गोष्ट संपली. उलट आहे. १५७० च्या दशकात ऑटोमन आर्किटेक्ट सिनानने बाहेरून भक्कम आधारभिंती दिल्या. १८४७ ते १८४९ मध्ये दुसऱ्या सुलतानाने फोसाती या स्विस आर्किटेक्टला बोलावून घुमटाच्या तळाशी लोखंडी साखळी घालून घेतली. म्हणजे ख्रिश्चनांनी बांधलेला घुमट पुढे मुसलमानांनी सांभाळला.

गॅलरीतून आणखी एक गंमत कळते. चर्चचं तोंड आणि मक्केची दिशा यांत थोडा फरक आहे, म्हणून मिहराब मधोमध नाही, जरा उजवीकडे आहे. त्याच्या वर मेरी आणि बाळ येशू यांचं मोझेक. नमाज पढणाऱ्यांना ते दिसू नये म्हणून पडदे लावलेत. दहा वर्षं कॉन्व्हेंटच्या असेंब्लीत मेरीच्या पुतळ्यासमोर उभी राहिलेली मी, मला ते खटकलं. १९३४ मध्ये सरकारने इथे म्युझियम करायचं ठरवलं होतं, २०२० मध्ये परत मशीद झाली. माझ्या मते म्युझियमच बरं होतं. मामा म्हणाला, "अगं, पडदा काढता येतो. प्लास्टर असतं तर?" प्लास्टरही शतकानुशतकं होतंच, आणि त्याखाली मोझेक टिकलं. यावर आमचं भांडण अजून मिटलेलं नाही.

२०२५ मध्ये घुमटाच्या मजबुतीचं काम सुरू झालं. त्याच वर्षी २३ एप्रिलला मार्मारा समुद्राखाली ६.२ चा भूकंप झाला. मी घाबरून फोन लावला आणि विचारलं, "घुमट ठीक आहे ना?" मामी म्हणाली, "आधी आमची तरी चौकशी कर!"