कुंडीतला मळा – ७ : फुलं भरपूर, टोमॅटोचा पत्ता नाही

टोमॅटोचं रोप कुंडीत लावायचं कसं, हे गेल्या आठवड्यात झालं. खोड खालच्या पानांपर्यंत मातीत गाडायचं, म्हणजे गाडलेल्या खोडालाही मुळं फुटतात, एवढं लक्षात असलं तरी पुरे. आज वळू या दरवर्षीच्या तक्रारीकडे. फेब्रुवारी सरत आला की ती सुरू होते आणि मे संपेपर्यंत थांबत नाही. झाड कमरेच्या वर गेलंय, फुलांनी लगडलंय, पण सकाळी पाहावं तर कुंडीभोवती पिवळा सडा.

तोवर घरात बहुधा एखादी बाटली आलेली असते. रोपवाटिकेतून आणलेलं टॉनिक, नाहीतर शेजाऱ्यांनी सांगितलेलं आंबट ताक. ती जरा बाजूला ठेवा आणि गळलेलं एक फूल उचलून बघा. त्याच्याबरोबर देठ असतो, पण अर्धाच. टोमॅटोच्या फुलाच्या देठावर मध्येच एक सुजल्यासारखी गाठ असते, आणि फूल तुटतं ते बरोबर त्या गाठीवर, अगदी सफाईने. किडीने तोडलं असतं तर कुरतडल्याच्या खुणा दिसल्या असत्या. इथे झाडाने स्वतःहून फूल सोडलंय. फलधारणा झाली नाही तर टोमॅटो ते फूल सांभाळत बसत नाही.

आता तेच फूल उघडा. मागे वळलेल्या पाकळ्यांच्या मधोमध पुंकेसर एकमेकांना चिकटून त्यांची एक निमुळती नळी झालेली असते आणि स्त्रीकेसर त्या नळीच्या आत. भोपळ्या-काकडीसारखी नर-मादी फुलं इथे वेगळी नसतात. पराग नळीच्या आतल्या अंगाने सुटतात आणि खाली मान घातलेल्या फुलात ते कुक्षीवर पडतात. त्यांना हवा असतो फक्त एक हलका धक्का. मोकळ्या रानात तो वारा देतो. शिवाय भुंगे आणि निळ्या पट्ट्यांच्या रानटी माश्या फुलाला लटकून अंग थरथरवतात आणि पराग झाडून घेतात. आपल्या नेहमीच्या मधमाश्यांना ही कला येत नाही, त्यामुळे गच्चीवर मधमाश्या येतात म्हणून निर्धास्त राहू नका. ग्रिल लावलेल्या बाल्कनीत ना वारा ना भुंगा. तिथे सकाळी नऊ ते अकराच्या सुमाराला फुलांच्या घोसामागे बोटाने टिचकी मारायची, बस. बॅटरीवर चालणारा जुना टूथब्रश घोसाच्या देठाला टेकवणारेही आहेत. हसू नका, चालतं ते.

पण टिचकीने काम होतं ते पराग जिवंत असेल तर. दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या आसपास गेलं आणि रात्रही २२-२३ अंशांखाली उतरेनाशी झाली की परागकण वांझ होऊ लागतात. त्यातही रात्र जास्त महत्त्वाची. टोमॅटोला फळ धरायला साधारण १५ ते २० अंशांची रात्र मानवते. आणि इथे एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. पराग तयार होतो तो कळीत, फूल उमलायच्या आठ-दहा दिवस आधी. म्हणजे आज गळलेलं फूल गेल्या आठवड्यातल्या उकाड्याचा हिशेब देत असतं. आज फवारलेलं टॉनिक त्याला काय करणार?

म्हणून टोमॅटोचं पंचांग आपल्या गावच्या रात्रींवरून मांडायचं. मुंबई-ठाण्यात एप्रिलच्या रात्री सहज २५ अंशांच्या घरात असतात, पावसाळ्यात हवा इतकी दमट की पराग एकमेकांना चिकटून बसतो. तिथे हाताशी काय ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पुण्या-नाशकाला दोन्ही बाजूंनी आणखी थोडे आठवडे मिळतात. बी ऑगस्टअखेर ते सप्टेंबरात टाकलं, चार आठवड्यांनी रोप मोठ्या कुंडीत गेलं, की थंडी पडते तेव्हा झाड नेमकं फुलावर असतं.

यावर प्रश्न ठरलेला असतो: मग नारायणगावच्या बाजारात एप्रिल-मेमध्ये क्रेटच्या क्रेट टोमॅटो येतो, तो कुठून? जुन्नर तालुका समुद्रसपाटीपासून ६०० मीटरहून उंच आहे, रात्री तिथे लवकर निवतं. तिथले शेतकरी उन्हाळी लागवड उन्हाळा तापायच्या आत उरकतात आणि उष्णता सोसणारे संकरित वाण निवडतात. त्यांचं झाड जमिनीत असतं. आपलं असतं तापलेल्या स्लॅबवर, काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीत. बरोबरी कशाला करायची?

दुसरी तक्रार याच्या उलटी. फळ धरतं, लिंबाएवढं होतं आणि बुडाशी काळा, चामड्यासारखा डाग पडतो. लोक लगेच बुरशीनाशक आणतात. हा रोगच नाही, त्यामुळे तो पसरतही नाही. फळाच्या टोकाला कॅल्शियम पोचलेलं नसतं, म्हणून तिथल्या पेशी मरतात. आता कोणीतरी अंड्याची टरफलं घाला म्हणून सांगणारच. टरफलं विरघळायला फार काळ लागतो, आणि मातीत कॅल्शियम बहुतेक वेळा असतंच. ते पाण्याबरोबर चढतं. पाणी ओढून घेण्यात पानं पुढे, फळ मागे. दोन दिवस कुंडी कोरडी आणि तिसऱ्या दिवशी बादलीभर पाणी, असा कारभार असला की उपाशी राहतं ते फळाचं टोक. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालून बघा, आत कोरडं लागलं तर पाणी द्या, आणि वर उसाचं पाचट किंवा पालापाचोळा जाड पसरा. कुंडी वीसेक लिटरची हवी. लहान कुंडीत माती दुपारीच सुकते आणि तुमची शिस्त वाया जाते. डाग पडलेलं फळ टाकूनही देऊ नका, काळा भाग कापा आणि उरलेल्याची चटणी करा. युरिया तर कुंडीत घालूच नये, असं माझं स्पष्ट मत. झाड नुसतं पानांनी माजतं आणि फळांचं हे दुखणं वाढतं.

पानं वळण्याबद्दल थोडक्यात. खालची पानं वर वळली, जाडसर झाली, पण हिरवी आहेत आणि शेंडा जोमात आहे, तर ती उन्हाची नाहीतर छाटणीची प्रतिक्रिया, सोडून द्या. शेंड्याचीच पानं बारीक, पिवळसर, आकसलेली दिसली आणि वाढ खुंटली, तर तो पांढऱ्या माशीने आणलेला पर्णगुच्छ. त्यावर औषध नाही, झाड उपटायचं. दरवर्षी हा त्रास होत असेल तर बंगळूरच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेचा ‘अर्का रक्षक’ लावून बघा. पर्णगुच्छ, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना तो दाद देत नाही. तो संकरित आहे, तेव्हा त्याच्याच फळाचं बी धरू नका. आणि घरात कोणी तंबाखू मळत असेल, तर बगलफूट काढण्याआधी त्यांना साबणाने हात धुवायला लावा. तंबाखूतला मोझॅक विषाणू हातावरून टोमॅटोवर जातो.

शेवटची पावती उन्हाळ्यातच मिळते. मार्चअखेरची फळं झाडावर लाल होता होत नाहीत, पिवळट नारिंगीच राहतात. लाल रंग देणारं लायकोपीन ३० अंशांच्या वर नीट तयारच होत नाही, पिवळं कॅरोटीन मात्र होत राहतं. अशा वेळी बुडाशी गुलाबी छटा दिसली की फळ काढा आणि घरात सावलीत, परातीत पसरून ठेवा. चार-सहा दिवसांत रंग भरतो. तोवर फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका, तिथे पिकणं थांबतं आणि चवही जाते.