कापसाचें गिऱ्हाईक आणि कापडाची जकात

घरांत कापड स्वस्त आलें म्हणजे आपणांस समाधान वाटतें. त्या स्वस्ताईची झळ कोणास पोंचते, हा विचार सहसा मनांत येत नाहीं. या दृष्टीनें १९३३ सालचा कापसाचा तंटा आठवण्यासारखा आहे.

जपानी कापड हिंदुस्थानांत फार स्वस्त येऊं लागलें, तेव्हां येथील गिरण्यांच्या संरक्षणार्थ सरकारनें ब्रिटिशेतर सुती कापडावरील जकात जून १९३३ मध्यें शेंकडा ७५ पर्यंत चढविली. गिरणीवाल्यांस हायसें वाटलें. पण जपानी सूतगिरण्यांनीं हिंदी कापसावर बहिष्कार पुकारला, आणि वऱ्हाड-खानदेशांतील शेतकऱ्याचें मोठें गिऱ्हाईक नाहींसें झालें.

बरें, हा कापूस घरच्याच गिरण्यांनीं कां घेऊं नये? अडचण धाग्याच्या लांबीची होती. आंखूड धाग्याच्या कापसाचें सूत जाडेंभरडेंच निघतें. तलम कापडाची मागणी तर वाढत चाललेली. म्हणून आपल्या गिरण्या लांब धाग्यासाठीं मिसर व पूर्व आफ्रिकेकडे पाहत. जपानी कारखानदार मात्र हाच आंखूड कापूस अमेरिकन कापसांत मोठ्या कौशल्यानें मिसळीत. देशी गिरणीचें हित तेंच देशी शेतकऱ्याचें हित, हें समीकरण (सभांतून तें किती सहज मांडलें जातें!) येथें जुळेना.

१९३४ च्या आरंभीं तडजोड ठरली. जपाननें वर्षास १० लक्ष गांठी कापूस घ्यावा व ३२ कोटी ५० लक्ष वार कापड पाठवावें. १५ लक्ष गांठी घेतल्यास ४० कोटी वार. जकातही शेंकडा ५० वर आली. ओसरीवर गांठोडें सोडणाऱ्या कापडवाल्याचा जपानी माल असा वऱ्हाडांतील कापसाच्या गाड्यांशीं वारावारानें बांधला गेला.