आधी ब्रेक, मग टर्बो

आमचं तळेगाव (श्यामजी पंत) नागपूर-अमरावती महामार्गावर. 'टर्बो' हा शब्द आम्ही बायकांनी वाचलाय तो येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या पाठीवर. त्याचा अर्थ समजून घ्यायची वेळ आली ती भाच्यामुळे. संत्र्याच्या पैशातून उसने मागायला आला. "मामी, एक टर्बो इंजिन भेटून राह्यलं. हलकी गाडी बनवतो. पाइपचा सांगाडा, वरून फायबर. उडते पहा!"

नाही म्हणणं सोपं होतं. पण पोराचा हात चांगला, गॅरेज स्वतःचं. नुसतं 'नको' म्हटलं असतं तर त्याने पैसे दुसरीकडून आणले असते. म्हणून मेकॅनिकलला शिकणाऱ्या लेकीला म्हटलं, मला नीट समजावून सांग, मग ठरवू.

तिने चुलीपासूनच सुरुवात केली. फुंकणीने वारा घातला की जाळ धरतो, तेच हे. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एक चक्र फिरवतो. त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र हवा दाबून आत ढकलतं. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त, म्हणून ताकद जास्त. हे चक्र मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेऊ शकतं. दाब हाताबाहेर जाऊ नये म्हणून कुकरच्या शिट्टीसारखी सोयही असते, तिला वेस्टगेट म्हणतात. ही कल्पना स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखी यांची, पेटंट १९०५ सालचं.

सुट्या भागांतून गाडी जोडायचा नादही जुनाच. ब्रिटनमध्ये लोटस कंपनीची 'सेव्हन' १९५७ साली आली. सुटी घेऊन घरी जोडली की कर वाचायचा! पुढे केटरहॅम कंपनीने ती बनवायला घेतली आणि २०१३ मध्ये तिच्यात सुझुकीचं ६६० सीसीचं टर्बो इंजिन बसवलं. ताकद ८० हॉर्सपॉवर, वजन ४९० किलो. आपली मारुती ८०० आठवा, इंजिन मोठं असूनही ताकद ३७च्या आसपास. आपल्याकडे अलिबागजवळ कार्लेखिंडीत शमा आणि गिडो बोथे यांच्या चिंकारा मोटर्सने याच घाटाची रोडस्टर बनवली.

भाचा खूश. "पाहा, होते ना!"

"दादा, इंजिन बसतंच रे," लेक म्हणाली, "बाकीच्याचं काय?" दाबलेली हवा तापते. ती थंड करायला इंटरकूलर हवा, नाहीतर पेट्रोल वेळेआधी पेटून पिस्टन जातो. एवढ्याशा नाकाडात रेडिएटरही मावायला हवा. क्लच, गिअरबॉक्स, मागचा अ‍ॅक्सल ही ताकद झेलणारे हवेत. आणि वेग दुप्पट झाला की गाडी थांबवताना ब्रेकवर चौपट भार येतो.

मी एवढंच विचारलं, "मग थांबवशील कसा तिले?" तो गप्प झाला.

कायद्याचंही आहेच. घरी बनवलेली गाडी रस्त्यावर आणायची तर तिचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून पास व्हावा लागतो. जुन्या गाडीत परवानगीशिवाय बदल केले तर २०१९च्या दुरुस्तीनुसार मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही. विमा कंपनी हात वर करेल ते वेगळंच. आणि आमच्या महामार्गावर ट्रकांची रांग काही तुटत नाही.

मग लेकीने आपल्या मनातलं काढलं. कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर 'फॉर्म्युला भारत' ही इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांची स्पर्धा होते. मुलं स्वतः बनवलेली छोटी रेसगाडी बंद ट्रॅकवर पळवतात. टर्बो चालतो, पण पेट्रोल गाडीत सगळी हवा २० मिलिमीटरच्या भोकातूनच घ्यायची. आणि आधी ब्रेकची परीक्षा, चारही चाकं एकदम जाम झाली पाहिजेत. त्याशिवाय गाडी धावत नाही. कॉलेजच्या टीममध्ये तिला जायचं होतं, पण पातळ पाइपचं वेल्डिंग येत नव्हतं.

"पोरीच्या जातीने वेल्डिंग करायचं?" सासूबाई म्हणाल्या. "आत्या, चुलीपाशी काय कमी पोळतं?" मी म्हटलं.

पैसे मी दिले, इंजिनासाठी नाही, भाच्याच्या गॅरेजात चांगलं वेल्डिंग मशीन घ्यायला. अट एकच, बहिणीला शिकवायचं. सुट्टीत दोघं काचेचा मुखवटा लावून बसतात. तिचे सुरुवातीचे सांधे वाकडे होते, आता तोच तिचा सांधा हातोडीने ठोकून पाहतो नि मान डोलावतो.

ते इंजिन अजून विकलं गेलेलं नाही, हे त्याला माहीत आहे आणि मलाही. पण परवा त्याने स्वतःहून विचारलं, "मामी, चांगल्या डिस्क ब्रेकले किती लागतीन गं?"