वहीचा समास कशासाठी?

वहीच्या पानावर डाव्या हाताला पट्टीने तांबडी रेघ ओढून दोन बोटे समास सोडावा, हा दंडक आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी निमूटपणे पाळला आहे, आणि तो मोडल्याबद्दल काहींनी छडीही खाल्ली आहे. पण ती जागा मोकळी ठेवायची ती कशासाठी, हे मात्र आपल्याला क्वचितच कोणी सांगितले असेल. प्रश्नाचा क्रमांक घालण्यापलीकडे तिचा काही उपयोग होत नाही, आणि वर्ष सरले की वहीबरोबर तो कोरा समासही रद्दीत जातो. अभ्यास कसा करावा हे मुलांना शिकविण्याचा आरंभ त्याच कोऱ्या जागेपासून झाला पाहिजे, असे माझे अनेक वर्षांच्या अध्यापनानंतरचे मत आहे, आणि ते सविस्तर मांडण्यासाठी हा लेख.

शेजारची दहावीतील मुलगी एका संध्याकाळी भूगोलाची वही घेऊन माझ्याकडे आली. “आजोबा, सगळं लिहून घेतलंय, तीनदा वाचलंय, तरी पेपरात काहीच आठवत नाही,” असे म्हणताना तिचा आवाज रडवेला झाला होता. वही पाहिली तर अक्षर मोत्यासारखे, बाईंनी सांगितलेला एकही शब्द गळलेला नाही, आणि पाठ्यपुस्तकाची पाने तर जवळजवळ संपूर्ण पिवळ्या शाईने रंगविलेली. मी वही मिटून बाजूला ठेवली आणि विचारले, “महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि माण तालुका पाण्यावाचून तळमळतो, दोन्ही सातारा जिल्ह्यातच. हे कसं?” “नैर्ऋत्य मोसमी वारे...” एवढे म्हणून ती थांबली, आणि तिचा हात आपोआप मिटलेल्या वहीकडे गेला. तिच्या अडचणीचे निदान त्या हाताच्या हालचालीतच होते: ज्ञान वहीत होते आणि मुलगी त्याची केवळ राखण करीत होती.

यात तिचा काडीचाही दोष नव्हता. माझ्या स्वतःच्या विद्यार्थिदशेत मास्तर उत्तरे सांगत आणि आम्ही ती उतरवून घेत असू. वही तपासली जाई ती अक्षरासाठी आणि ती पूर्ण आहे की नाही हे पाहण्यासाठी. ‘अभ्यास कर’ ही आज्ञा आम्हांला दिवसातून दहा वेळा मिळे, पण तो करावा कसा, हे सांगणारा एकही तास वेळापत्रकात नव्हता. आजही फारसा पालट झालेला नाही. फळ्यावरून उतरवून घेण्याऐवजी मुले आता क्लासच्या छापील नोट्स जमवितात, इतकेच. पोहता येण्यासाठी पाण्यात उतरावे लागते हे आपण जाणतो, आणि अभ्यास मात्र मुलाला उपजतच येत असावा असे गृहीत धरून चालतो.

वास्तविक, नोंदी कशा कराव्यात याचे शास्त्र आपल्या मुलखाला परके नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरातील मोडी रुमाल ज्यांनी हाताळले आहेत त्यांना ठाऊक आहे की, मराठेशाहीचा हिशेब एकाच वहीत एकदा लिहून संपत नसे. दिवसभरात जो व्यवहार ज्या क्रमाने घडला तो त्या क्रमाने रोजकीर्दीत येई. कीर्दीतील रकमा पुढे खतावणीत आपापल्या खात्यांवर लागत. खात्यांचा गोषवारा तेरजेत निघे. आणि अखेरीस झडती घेऊन हिशेब तपासला जाई. तीच रक्कम पुनःपुन्हा हाताखालून जात असली तरी ती निव्वळ नक्कल नव्हती. दर खेपेला कारकुनाला काहीतरी ठरवावे लागे: ही रक्कम कोणत्या खात्याची, मोठी कोणती, किरकोळ कोणती, आणि सगळे मिळून ताळा जमतो की नाही. आपल्या विद्यार्थ्याची वही पहिल्या पायरीवरच थांबते. तो आयुष्यभर कीर्दच लिहीत राहतो. खतावणी, तेरीज आणि झडती यांची त्याला वार्ताही नसते.

म्हणून या चार पायऱ्यांवरूनच अभ्यासाची रीत सांगतो. पहिली पायरी वर्गातील नोंदीची. बोलण्याचा वेग लिहिण्याच्या वेगाहून पुष्कळच अधिक असल्यामुळे जो प्रत्येक शब्द टिपू पाहतो त्याचे सगळे लक्ष हातात अडकते आणि अर्थ कानावरून निघून जातो. अमेरिकेत पॅम म्युलर आणि डॅनियल ओपनहायमर या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, लॅपटॉपवर टिपणे घेणाऱ्यांनी व्याख्यान अधिक शब्दशः उतरविले, आणि विषयाच्या आकलनावरील प्रश्नांत हाताने लिहिणारे त्यांच्यापेक्षा सरस ठरले. पुढे इतरांनी हे प्रयोग करून पाहिले तेव्हा हा फरक दर वेळी तितकाच दिसला नाही; म्हणून लेखणी की कळफलक या वादात न शिरता मी एवढेच म्हणेन की, साधन कोणतेही असो, ऐकलेले आपल्या शब्दांत आणि थोडक्यात उतरविण्याची सक्ती स्वतःवर करून घ्यावी.

दुसरी आणि तिसरी पायरी, म्हणजे खतावणी आणि तेरीज. येथे समास कामाला येतो. न्यूयॉर्क राज्यातील कॉर्नेल विद्यापीठात शिकविणाऱ्या वॉल्टर पॉक यांनी टिपणाच्या पानाची जी मांडणी प्रचारात आणली आणि १९६२ च्या आपल्या पुस्तकातून जगभर पोचविली, ती अगदी साधी आहे. पानाच्या डाव्या बाजूस सुमारे अडीच इंचांचा समास, उजवीकडे टिपणासाठी रुंद जागा, आणि तळाशी दोन इंचांची पट्टी. वर्गात केवळ उजवी बाजू भरावयाची. त्याच दिवशी घरी आल्यावर ते टिपण वाचून, ज्यांची उत्तरे त्यात आहेत असे प्रश्न समासात लिहावयाचे, आणि तळाशी सगळ्या पानाचा गोषवारा एक-दोन वाक्यांत आपल्या शब्दांत द्यावयाचा.

त्या मुलीकडून मी पर्जन्यछायेचे पान नव्याने लिहून घेतले. उजवीकडे तिने लिहिले: ‘नैर्ऋत्य वारे, समुद्रावरून बाष्प, सह्याद्री आडवा, हवा वर चढते, थंड होते, घाटमाथ्यावर पाऊस, पलीकडे हवा उतरते, तापते, पाऊस कमी.’ वहीची दीड पाने येथे जेमतेम नऊ तुकड्यांत आली. समासात प्रश्न लिहावयास मात्र तिला अर्धा तास लागला, कारण प्रश्न तयार करण्यासाठी कोणत्या गोष्टीमुळे काय घडते हे आधी उलगडावे लागते. ‘हवा वर चढली की पाऊस का?’ आणि ‘एकाच जिल्ह्यात पाऊस आणि दुष्काळ कसा?’ हे दोन प्रश्न अखेर उमटले. तळाशी तिने एकच वाक्य लिहिले: ‘डोंगर ढगांचं पाणी अलीकडेच उतरवून घेतो.’ पाठ्यपुस्तकात हे वाक्य नाही; ते तिचे स्वतःचे आहे, आणि म्हणूनच ते तिच्या स्मरणात राहील.

चौथी पायरी झडतीची. ती सर्वांत महत्त्वाची, आणि मुले सर्वांत अधिक टाळतात तीही हीच. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरसमूहांच्या याद्या स्वतः पाठ करून विस्मरणाचे जे मोजमाप १८८५ मध्ये प्रसिद्ध केले, त्यावरून असे दिसते की, विस्मरणाचा उतार आरंभी अत्यंत तीव्र असतो आणि पुढे मंदावत जातो. एका दिवसानंतर तीच यादी पुन्हा पाठ करताना त्यांचे मूळ श्रमांपैकी सुमारे तिसरा हिस्साच श्रम वाचत. महिन्यानंतर जेमतेम पाचवा. यावर मुलांचा उपाय म्हणजे पुन्हा वाचणे. पण त्यात एक फसगत आहे. वाचलेला मजकूर दुसऱ्यांदा समोर आला की तो ओळखीचा वाटतो, आणि या ओळखीलाच मूल आठवण समजते. बाजारात भेटलेल्या माणसाचा चेहरा ओळखता येतो आणि नाव मात्र ओठांवर येत नाही, हा अनुभव कोणाला नाही? परीक्षा आपल्याला नाव विचारते, आणि आपण चेहरा पाहून गेलेलो असतो.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या दृष्टीने प्रत्येक पालकाने ध्यानात ठेवावा असा आहे. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चारही वेळा वाचला. दुसऱ्या गटाने तो एकदाच अभ्यासून पुढील तीन वेळा न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के मजकूर आठवला आणि आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. तेव्हा रीत अशी: उजवी बाजू कागदाने झाकावी, समासातील प्रश्न स्वतःला विचारावा, उत्तर मोठ्याने बोलावे किंवा लिहावे, आणि मगच कागद दूर करून पडताळावे. हे त्याच संध्याकाळी, मग एक-दोन दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने करावे. आपल्या भाषेत याला ‘उजळणी’ असा किती समर्पक शब्द आहे! तांब्याचे भांडे एकदाच घासून ते वर्षभर लखलखत राहत नाही.

हे सांगताना पाठांतराची अवहेलना करण्याचा माझा हेतू नाही. पाढे मुखोद्गत असावेतच. आणि पद, क्रम, जटा, घन अशा पाठांतून शब्द उलटसुलट गुंफून वेदपाठकांनी मूळ संहिता शतकानुशतके जशीच्या तशी राखली, ही स्मरणशक्तीची असामान्य साधना आहे. पण तीही पोथीकडे पाहून होत नाही. पोथी मिटूनच होते.

शाळांकडून माझी मागणी अल्प आहे. शाळा उघडल्यावर पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक विषयाच्या शिक्षकाने आपल्या विषयाचे एक पान फळ्यावर समासासह मुलांच्या देखत तयार करून दाखवावे, कारण इतिहासाचे टिपण आणि भूमितीचे टिपण एकाच साच्यातले नसते. तासाची शेवटची पाच मिनिटे वह्या मिटवून ‘आज काय झाले’ ते मुलांना लिहू द्यावे. आणि वही तपासताना अक्षराबरोबर समासही तपासावा.

दिवाळीच्या सुटीत ती मुलगी पुन्हा आली. तेच पान उघडून तिने समासाच्या अगदी तळाशी, दाटीवाटीने लिहिलेला एक तिसरा प्रश्न मला दाखविला: ‘कृष्णा समुद्रापासून ६४ किलोमीटरांवर उगम पावते, मग ती उलटी पूर्वेकडे का वाहते?’ उजव्या बाजूच्या टिपणात त्याचे उत्तर नव्हते, आणि तिच्या पुस्तकाच्या त्या धड्यातही नव्हते. या वेळी तिने वहीकडे हात नेला नाही. कपाटातील नकाशा काढा, असे तिने मला सांगितले.