भास्कराचार्यांचा परार्ध आणि बुद्धिबळाची सातवी खेळी

भास्कराचार्यांनी इ. स. ११५० च्या सुमारास लिहिलेल्या 'लीलावती'त एक, दश, शत असे करत परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटणला १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने उभारलेल्या मठाची नोंद त्यात आहे. आजोबांची ही संख्यानामे बुद्धिबळाच्या पटावर कुठवर पुरतात?

पांढऱ्याला पहिल्या खेळीत २० पर्याय, काळ्यालाही २०. म्हणजे एकेक खेळी झाली की ४०० वाटा. दोन-दोन झाल्या की १,९७,२८१. सहा-सहा झाल्या की ६२,८५,४९,६९,२३,६७,०१,७४७. इथवर परार्ध पुरतो. पांढऱ्याने सातवी खेळी केली की आकडा वीस परार्धांच्या घरात जातो आणि 'लीलावती'तली नावे संपतात. डाव तर आत्ता कुठे रंगात येऊ लागलेला असतो.

२०११ च्या जनगणनेत जळगाव आणि धुळे जिल्ह्यांची लोकसंख्या मिळून ६२,८०,७७९ होती. या सगळ्यांनी, तान्ह्या बाळांसकट, झोप न घेता दर सेकंदाला एकेक वाट तपासली, तर सहा-सहा खेळ्यांचा हिशेब पुरा व्हायला ३१७ वर्षे लागतील. १९९७ मध्ये जगज्जेत्या कास्पारोव्हला साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरवणारा आयबीएमचा 'डीप ब्लू' फक्त बुद्धिबळासाठी घडवलेल्या ४८० चिप्सवर सेकंदाला २० कोटी स्थिती तपासत असे. त्यालाही दहा वर्षे लागली असती.

पण कोणताही चांगला प्रोग्राम सगळ्या वाटा तपासत नाही. एखादी खेळी केली की समोरचा फुकटात वजीर मारतो, हे एकदा दिसले की त्या खेळीवरची त्याची बाकीची उत्तरे कशाला पाहायची? या छाटणीला अल्फा-बीटा म्हणतात. चांगल्या खेळ्या आधी तपासल्या गेल्या, तर उत्तम परिस्थितीत काम मूळ संख्येच्या वर्गमुळाच्या दुपटीवर येते. परार्धाजवळचा तो आकडा ५० कोटींवर उतरतो. 'डीप ब्लू'ला अडीच सेकंद पुरतात आणि आपल्या दोन जिल्ह्यांना ८० सेकंद! ३१७ वर्षांचे ८० सेकंद होतात, हा आकडा मला परार्धापेक्षाही थक्क करतो.

बुद्धिबळाची खास यंत्रे आणि घरगुती संगणकावरचे प्रोग्राम यांची स्पर्धा बऱ्याच अंशी छाटणीच्या कौशल्यावर ठरली. 'फिडेलिटी' कंपनीचा 'चेस चॅलेंजर' १९७७ मध्ये बाजारात आला. पुढे अशा यंत्रांचे पट संवेदनशील झाले: निघायच्या घरावर मोहरे दाबायचे, मग पोहोचायच्या घरावर, यंत्राची खेळी पटावरचे बारीक लाल दिवे दाखवीत. घरगुती संगणक तेव्हा फारच तोकडे होते. 'झेडएक्स ८१' वर डेव्हिड हॉर्न यांनी अवघ्या ६७२ बाइटमध्ये बुद्धिबळ बसवले; कॅसलिंग नाही, प्याद्याची बढती नाही. आजच्या युनिकोडमध्ये तेवढ्या जागेत मराठीची जेमतेम २२४ चिन्हे मावतात. त्या काळी खास यंत्रे सरस होती यात शंका नाही, तरी १९८५ मध्ये हॅम्बुर्गला कास्पारोव्हने एका वेळी ३२ यंत्रांशी खेळून ३२-० अशी बाजी मारली.

मग पारडे फिरले. २००६ मध्ये बॉन येथे 'डीप फ्रिट्झ' या प्रोग्रामने साध्या पीसीवर जगज्जेत्या क्रामनिकला ४-२ ने हरवले. वेग सेकंदाला सुमारे ८० लाख स्थिती, म्हणजे 'डीप ब्लू'च्या पंचविसाव्या हिश्श्याएवढा. २००९ मध्ये ब्यूनस आयर्सच्या मर्कोसुर चषकात 'पॉकेट फ्रिट्झ ४' मोबाइल फोनवर खेळला आणि दहापैकी साडेनऊ गुण घेऊन जिंकला. तो सेकंदाला २० हजार स्थितीसुद्धा तपासत नव्हता. 'डीप ब्लू'पेक्षा दहा हजार पटींनी कमी! कोणती वाट पाहायची नाही, हे त्याला कितीतरी चांगले कळत होते.

आज 'स्टॉकफिश' हा जगातल्या सर्वांत बलवान प्रोग्रामांपैकी एक पूर्ण मोफत मिळतो, त्याचा सोर्स कोडही खुला आहे. चोपडा, शिरपूर, साक्री, कुठल्याही गावच्या शाळेतल्या जुन्या संगणकावर तो चालतो. शिक्षकांनो, तो उतरवून घ्या आणि मुलांना त्याच्यासमोर बसवा.