जुनी सायकल मोडीत काढण्यापूर्वी

घरात असलेली जुनी, परंतु धडधाकट सायकल जपावी की ती मोडीत घालून नव्या तंत्राची सायकल आणावी, हा प्रश्न वरकरणी घरगुती वाटतो. पगारदार माणसाच्या जमाखर्चातील एक किरकोळ बाब, यापलीकडे त्याला महत्त्व नाही, असे कोणी म्हणेल. परंतु पिंपरी-चिंचवड ते चाकण या औद्योगिक पट्ट्यात हा प्रश्न विचारला जातो तेव्हा त्याला आणखी काही पदर सुटतात. जुने यंत्र केव्हा जुने होते, ते कोण ठरवतो, त्याची दुरुस्ती कोणाच्या हाती असावी, आणि जो सायकल बदलूच शकत नाही त्याचे काय, हे ते पदर होत.

वाहने घडवणारा पट्टा

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि त्या दशकात आकुर्डीला बजाजचा, पिंपरीला टेल्कोचा, असे वाहनांचे मोठे कारखाने पुणे-मुंबई रस्त्याच्या आश्रयाने उभे राहिले. या कारखान्यांत येणारा कामगार प्रामुख्याने सायकलवर येत असे. पुणे हे तर सायकलींचे शहर म्हणूनच ओळखले जात होते. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की कारखान्याच्या फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडे आणि काही काळ रस्ता त्यांचाच होऊन जाई.

परंतु याच कामगाराच्या हातून जे वाहन तयार होत होते, त्यानेच पुढे त्याच्या सायकलीला रस्त्यावरून हटवले. १९७२ साली आकुर्डीची चेतक स्कूटर बाजारात आली. त्याच वर्षी तिकडे अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) लूना ही पॅडल असलेली छोटी मोपेड निघाली. स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहण्याचे ते दिवस होते. स्कूटर मिळाली की सायकल जिन्याखाली जाई, आणि जिन्याखालून यथावकाश भंगारवाल्याकडे.

पुढचा इतिहासही ध्यानात घेण्याजोगा आहे. ज्या स्कूटरने सायकलीला कालबाह्य ठरवले, ती स्कूटर बनवणेच बंद करण्याचा निर्णय २००९ साली बजाजने जाहीर केला. आणि २०२० च्या जानेवारीत चेतक हेच नाव धारण करून विजेवर चालणारी स्कूटर पुन्हा रस्त्यावर आली. २०२४ साली लूनाचे नावही असेच विजेच्या गाडीला देण्यात आले. तात्पर्य, एखादी वस्तू कालबाह्य झाली हा निकाल बाजाराचा असतो, आणि बाजार आपले निकाल सोयीप्रमाणे फिरवतो. वापरणाऱ्याने तो निमूटपणे शिरोधार्य मानण्याचे कारण नाही.

वेग कोठून येतो?

नव्या सायकलीची जाहिरात प्रामुख्याने वेगाची आणि हलकेपणाची असते. कार्बन तंतूंची फ्रेम, मागे बारा चकत्यांचे गिअर, हॅण्डलवरून हात न उचलता गिअर बदलण्याची सोय, तेलाच्या दाबावर चालणारे डिस्क ब्रेक, अशी ही सामग्री आणि लाखाच्या घरातील किंमत. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने शर्यतीच्या सायकलीसाठी किमान ६.८ किलोग्रॅम वजनाची मर्यादा घातलेली आहे; घरची काळी सायकल १८ ते २० किलो भरते. हा फरक पाहून कोणाचेही मन चळावे. पण तो फरक कोणाच्या कामाचा, हे आधी पाहिले पाहिजे.

यासंबंधात एका तासात सायकलवर अधिकाधिक अंतर काटण्याच्या विक्रमाची कथा बोलकी आहे. १९७२ साली बेल्जियमच्या एडी मर्क्सने मेक्सिको सिटीत एका तासात ४९.४३१ किलोमीटर अंतर काटले. १९९६ मध्ये इंग्लंडच्या ख्रिस बोर्डमनने खास बनावटीच्या सायकलीवर, हात पुढे लांबवून केलेल्या बैठकीत ५६.३७५ किलोमीटरची मजल मारली. पुढे संघटनेने नियम केला की हा विक्रम मर्क्सच्या काळातील धाटणीच्या सायकलीवरच करावा. त्या नियमाने २००० साली बोर्डमन पुन्हा उतरला, आणि त्याने किती अंतर तोडले? ४९.४४१ किलोमीटर. मर्क्सपेक्षा अवघे दहा मीटर अधिक! चार वर्षांत बोर्डमनचे वय वाढले होते आणि मेक्सिकोची उंचावरील विरळ हवा मर्क्सला अनुकूल होती, हे मान्य केले तरी सात किलोमीटरांच्या तफावतीतील मोठा वाटा सायकलीचा आणि बैठकीचा होता, हे उघड आहे.

यावरून नव्या सायकलीचा महिमा सिद्ध होतो असे प्रथमदर्शनी वाटेल. परंतु तो ताशी ५० किलोमीटर वेगाच्या प्रदेशातला महिमा आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि तो मोडून काढण्यास लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. ताशी १५ किलोमीटर वेगाने जाणाऱ्यास हवेचा जो अडथळा होतो, तो ४५ किलोमीटर वेगाला नऊपट होतो आणि त्यासाठी शक्ती सत्तावीसपट लागते. शर्यतपटूचे सारे तंत्र या हवेशी झुंजण्यासाठी आहे. चिंचवडहून भोसरीला कामावर जाणाऱ्या कारकुनाचा झगडा हवेशी नसून सिग्नल, खड्डे आणि बस यांच्याशी आहे.

वजनाचेही तसेच. ६२ किलोचा माणूस १८ किलोच्या सायकलीवर बसला म्हणजे एकूण ८० किलो झाले. सायकल सात किलोंनी हलकी झाली तरी एकूण भार नऊ टक्क्यांहूनही कमी घटतो. बोरघाट चढणाऱ्यास हे नऊ टक्के मोलाचे आहेत. पवनेकाठच्या सपाट रस्त्यावर मात्र ते फारसे जाणवत नाहीत. साध्या काळ्या सायकलीला पुढे ४४ आणि मागे १८ दाते असले तर पॅडलच्या एका फेऱ्यात ती सुमारे साडेपाच मीटर जाते. मिनिटाला ६० फेरे मारले तर वेग ताशी वीस किलोमीटरच्या जवळ पोहोचतो. शहरातील रस्त्यावर यापेक्षा अधिक वेग किती वेळा मिळतो?

नव्याचे खरे श्रेय

तथापि जुने ते सारे सोने, हा हट्टही खरा नव्हे. काही बाबतींत नवे तंत्र निःसंशय सरस आहे, आणि त्यांत पहिली बाब ब्रेकची. जुन्या सायकलींच्या रिम मुलामा दिलेल्या पोलादाच्या असत. कोरड्या दिवसांत त्या ठीक. परंतु पावसात रिम ओली झाली की रबर तिच्यावरून घसरत राहते आणि सायकल थांबायला कितीतरी अधिक अंतर घेते. जून ते सप्टेंबर पावसाचे दिवस असलेल्या प्रदेशात हा दोष क्षुल्लक नाही. ॲल्युमिनियमची रिम ओली असतानाही पुष्कळच चांगली धरते, आणि डिस्क ब्रेक त्याहून उत्तम.

दुसरी बाब दिव्याची. डायनामोचा दिवा सायकल थांबली की विझत असे, म्हणजे चौकात उभे राहिल्यावर, नेमका जेथे तो हवा तेथेच! आजचा बॅटरीवरील छोटा दिवा थोडक्या पैशांत मिळतो आणि उभ्या सायकलीवरही जळत राहतो. तिसरी बाब चढाची. गुडघे दुखू लागलेल्या पन्नाशीच्या शिक्षकाला गिअर ही चैन नव्हे, ती सायकल चालू ठेवण्याची अट ठरते. या तिन्ही गोष्टी वेगाच्या नाहीत. सुरक्षिततेच्या आणि शरीराच्या आहेत, हे लक्षात घ्यावे.

दुरुस्ती कोणाच्या हाती?

नव्याच्या पारड्यात एवढे घातल्यावर जुन्याच्या पारड्यात एकच वजन घालावे लागते, आणि ते मोठे आहे. ते दुरुस्तीचे. काळ्या सायकलीची रचना इतकी स्थिर आहे की एका कंपनीचा भाग दुसरीला बिनदिक्कत बसतो. कोपऱ्यावरचा सायकल दुरुस्त करणारा चाकाचा आउट काढतो, हबमधले छर्रे बदलतो, ज्याला तो ‘ओव्हरऑइलिंग’ म्हणतो ते वर्षातून एकदा करून देतो. पंक्चर काढणे तर शाळकरी मुलगाही शिकू शकतो. यंत्र कसे चालते हे उघड्या डोळ्यांनी पाहता येण्याचा हा शेवटचा थोडासा मुलूख उरला आहे.

नव्या उंची सायकलीत ही स्थिती पालटते. गिअरच्या चकत्या वाढल्या तशी साखळी अरुंद होत गेली; एका कंपनीचे गिअर बदलण्याचे साधन दुसरीच्या गिअरशी जुळेलच असे नाही; विजेवर गिअर बदलणाऱ्या सायकलीला तर बॅटरीही चार्ज करावी लागते. एक भाग मिळेनासा झाला की चांगली सायकल अडून बसते. मोबाइलपासून ट्रॅक्टरपर्यंत हेच दुखणे असल्याने केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले, आणि युरोपीय संघाने २०२४ साली त्यासाठी कायदाच केला. जो हक्क मिळवण्यासाठी आज कायदे करावे लागतात, तो साध्या सायकलीच्या मालकाला तिच्या जन्मापासून मिळालेला आहे. तो सोडताना त्याची किंमत हिशेबात धरली पाहिजे.

म्हणून शहाणपणाचा मार्ग मधला दिसतो. फ्रेमला तडा गेला असेल, पुढचा चिमटा वाकला असेल, गंजाने नळी पोखरली असेल, तर ममता बाजूस ठेवून सायकल मोडीत काढावी; तेथे जिवाशी गाठ आहे. फ्रेम शाबूत असेल तर मात्र सायकल न बदलता तिचे दुबळे भाग बदलावेत. १९८० च्या सुमाराच्या, खाली वळलेल्या हॅण्डलच्या रेसिंग सायकलीला २७ इंची चाके असत. तिला आजची सातशे मापाची ॲल्युमिनियमची चाके बसवता येतात. त्यांची त्रिज्या चारच मिलिमीटरने कमी असल्याने ब्रेकचे रबर तेवढे खाली सरकवता आले म्हणजे काम भागते. दाते जुळवून चढाचे गिअरही घालता येतात. सळईच्या ब्रेकच्या काळ्या सायकलीत हे तितके सोपे नाही, कारण तिचे रबर रिमच्या आतल्या अंगाला दाबते. रिम बदलायची तर ब्रेकही बदलावे लागतात. तरीही नवे रबर, चांगले टायर, पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा एवढे तर कोणत्याही सायकलीला लावता येते. पाव किलोवॅटपेक्षा कमी शक्तीची आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत वेग असलेली विजेची सायकल नोंदणीतून मुक्त आहे, त्यामुळे मोटर बसवण्याचाही मोह होईल. परंतु थांबण्याची शक्ती वाढवल्याविना धावण्याची शक्ती वाढवणे हा अविचार होय.

रस्त्याचे काय?

हा सारा विचार ज्याला निवड आहे त्याच्यासाठी झाला. रविवारी पहाटे लोणावळ्याच्या दिशेने निघणाऱ्या हौशी मंडळींना ती आहे. परंतु या पट्ट्यात सायकलवाल्यांचा दुसराही वर्ग आहे. २००९ च्या सुमारास फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने चाकणला आले, इतर अनेक आले, आणि त्यांच्या अवतीभोवती कंत्राटी कामगारांची वस्ती वाढली. निघोजे, कुरुळी, म्हाळुंगे, खराबवाडी या गावांतील खोल्यांत राहणारे हे कामगार. त्यांच्यापैकी जो सायकलवर कामाला जातो त्याची सायकल बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या हाताची असते. नवी घ्यावी की जुनी ठेवावी, हा प्रश्न त्याच्यापुढे येतच नाही. रात्रपाळी संपवून तो तळेगाव-चाकण-शिक्रापूर मार्गाच्या कडेने, बिनदिव्याच्या सायकलवर, मोटारी वाहून नेणाऱ्या अजस्र कंटेनरांच्या शेजारून घरी जातो.

एके काळी पुण्यात सायकलीला दिवा नसला तर पोलीस अडवीत, सायकलीला पालिकेचा बिल्ला घ्यावा लागे. त्या जाचाच्या गोष्टी आजही हसून सांगितल्या जातात. पण त्या जाचामागे एक मान्यता होती: सायकल हे रस्त्यावरचे वाहन आहे आणि तिच्या स्वाराच्या जिवाची काळजी सार्वजनिक बाब आहे. आज बिल्ला गेला, त्यासोबत ती मान्यताही गेली.

पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या बाबतीत काही बरे बोलता येते. सायकलीला उत्तेजन देण्याच्या केंद्र सरकारच्या स्पर्धेत २०२१ साली निवडल्या गेलेल्या अकरा शहरांत तिचे नाव होते, आणि निगडी प्राधिकरण परिसरात ‘हरित सेतू’ नावाने पदपथ व सायकलमार्गांची योजनाही तिने हाती घेतली. परंतु मोशीच्या पुढे इंद्रायणी ओलांडली की पालिकेची हद्द संपते, आणि गरज मात्र तेथेच सर्वांत मोठी आहे. तेथील रस्ते राष्ट्रीय महामार्गाचे, आतले रस्ते औद्योगिक महामंडळाचे, वस्ती ग्रामपंचायतीची. सायकलवाला या तिघांपैकी कोणाचाच नाही.

जगातील उत्तम मोटारी ज्या भूमीत घडतात, तेथे सायकलीसाठी दोन मीटर रुंदीची, कठड्याने वेगळी केलेली, दिवे असलेली वाट आखणे हे तंत्राच्या दृष्टीने अवघड मुळीच नाही. कारखान्यांनी आपल्या फाटकाशी छपराचा सायकलतळ आणि दुरुस्तीची एक जागा ठेवावी, कंत्राटी कामगारांना पुढचा-मागचा दिवा द्यावा; हा खर्च त्यांच्या ताळेबंदात शोधूनही सापडणार नाही. पगारदार वाचकाने आपल्या जुन्या सायकलीचे रबर बदलून ती खुशाल आणखी वीस वर्षे चालवावी. परंतु ती कोणत्या रस्त्यावर चालवायची, हे त्याच्या एकट्याच्या हातात नाही. आणि तो रस्ता झाला, तर त्याचा पहिला लाभ चाकणच्या रात्रपाळीतून परतणाऱ्या त्या कामगाराला व्हावा.