बरसाती : घोड्यांच्या अंगावरील गाठींचे कोडे

समजा तुम्ही गुरुकुंज मोझरीला राहता. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या आश्रमामुळे सर्वांना परिचित असलेले हे अमरावती जिल्ह्यातील गाव. गावात एकाकडे वरातीची घोडी आहे. लग्नसराईत तिने चांगली कमाई करून दिली. पुढे पाऊस सुरू झाला आणि तिच्या पुढच्या पायावर, खुराच्या थोडे वर, सुपारीएवढी गाठ आली. गाठ फुटून जखम झाली. मालकाने हळद लावली, मलम लावले. पण जखम भरण्याऐवजी पसरतच गेली. खाज इतकी, की घोडी स्वतःचाच पाय चावू लागली. जखम धुताना तिच्यातून पिवळसर, खरखरीत खडे निघू लागले.

एखादा जुना मोतद्दार हे पाहून लगेच सांगेल, “ही तर बरसाती!”

बरसात म्हणजे पाऊस. पावसाळ्यात होणारा रोग म्हणून तो बरसाती. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या घोडदळातील पशुवैद्यांना हा रोग हिंदुस्थानात वारंवार दिसे. त्यांनी आपल्याकडचा हा शब्द जसाच्या तसा उचलला आणि ‘बर्सेटी’ म्हणून इंग्रजी ग्रंथांत लिहिला. जखमेतील खड्यांना आपले लोक ‘कंकर’ म्हणत. तोही शब्द त्यांनी घेतला. जगातील पशुवैद्य आजही त्या खड्यांना ‘कंकर’च म्हणतात!

रोगाला नाव मिळाले खरे. पण नाव मिळाले म्हणजे कारण मिळाले असे नाही. पाऊस तर सर्वच घोड्यांवर पडतो. मग गाठी मोजक्याच घोड्यांना का येतात? या प्रश्नाचे उत्तर शोधायला शंभराहून अधिक वर्षे लागली. त्या शोधाचा एक धागा आपल्या मुंबईतूनच निघतो.

मुंबईच्या माशीतील कृमी

हेन्री जॉन कार्टर हे मुंबईत नोकरीस असलेले इंग्रज शल्यवैद्य. निसर्गाचा अभ्यास हा त्यांचा छंद. मुंबईच्या तळ्यांतील स्पंज, खडक, सूक्ष्म जीव, काहीही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. एकदा त्यांनी साध्या घरमाशीचे विच्छेदन करून ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. माशीच्या सोंडेत त्यांना दोऱ्यासारखे बारीक कृमी वळवळताना दिसले. त्यांनी आणखी माश्या तपासल्या. साधारणपणे दर तिसऱ्या माशीत दोनपासून वीसपर्यंत, कधी त्याहूनही अधिक कृमी होते, आणि बहुतेक सोंडेतच गोळा झालेले होते. १८६१ मध्ये कार्टर यांनी या कृमीचे वर्णन प्रसिद्ध केले.

पण हा कृमी माशीच्या सोंडेतच का जमतो? तो तेथे कोणाची वाट पाहत असतो? याचा उलगडा त्या वेळी झाला नाही. माशीतला कृमी आणि घोड्याची जखम यांचा काही संबंध असेल, अशी शंका तरी कोणाला येणार?

त्यानंतर पन्नास वर्षांनी अमेरिकेत ब्रेटन रॅन्सम या शास्त्रज्ञाने ही साखळी जोडली. त्याचा सविस्तर वृत्तांत १९१३ मध्ये प्रसिद्ध झाला. कार्टर यांना मुंबईत दिसले ते या कृमीचे डिंभ, म्हणजे बाल्यावस्थेतील रूप. प्रौढ कृमी राहतो घोड्याच्या जठरात. त्याची लांबी एक ते अडीच सेंटिमीटर असते. त्याचे नाव हॅब्रोनेमा.

त्याचे जीवनचक्र असे आहे. जठरातील कृमींची अंडी आणि डिंभ घोड्याच्या लिदेबरोबर बाहेर पडतात. लिदेत माश्याही अंडी घालतात. त्यांतून निघालेल्या माशीच्या अळ्या लीद खाताना कृमीचे डिंभही गिळतात. अळीचा कोष होतो, कोषातून माशी निघते, आणि तोपर्यंत आतला डिंभही वाढून माशीच्या सोंडेत येऊन बसतो. माशी घोड्याच्या ओलसर ओठांवर बसली की ऊब आणि ओलावा लागून डिंभ सोंडेतून बाहेर पडतो, घोड्याच्या तोंडात शिरतो आणि जठरात पोहोचतो. कृमीचा प्रवास पूर्ण होतो. कार्टर यांच्या माश्यांतील कृमी सोंडेत का जमले होते, हे आता तुमच्या ध्यानात आले असेल.

वाट चुकलेला डिंभ

आता समजा, माशी ओठांवर न बसता पायावरच्या ओरखड्यावर किंवा डोळ्याच्या ओल्या कोपऱ्यात बसली. डिंभ तेथेच उतरतो. पण ही त्याची जागा नव्हे. येथून जठराकडे जायला वाट नाही. तो कातडीत भटकतो, प्रौढ होऊ शकत नाही आणि शेवटी मरतो. फ्रान्समधील रायये यांनी १९१५ मध्ये उन्हाळी-पावसाळी जखमांतील डिंभ हे हॅब्रोनेमाचेच आहेत असे ओळखले. बरसातीचा एक गुन्हेगार सापडला.

मात्र दोन-तीन मिलिमीटरचा एवढासा डिंभ मुठीएवढी जखम कशी करील? येथे खरी गंमत आहे. जखम वाढवतो तो डिंभ नव्हे. घोड्याचे शरीरच ती वाढवते!

तुमच्यापैकी कोणाला पित्त उठून अंगावर गांधी आल्या असतील. एखादा पदार्थ किंवा कीटकाचा दंश शरीराला मानवत नाही, आणि शरीर गरजेपेक्षा जास्त प्रतिकार करते. यालाच ॲलर्जी म्हणतात. मराठीत तिला अधिहर्षता असा शब्द आहे. गांधी काही तासांत जिरतात, कारण कारण दूर झालेले असते. पण डिंभ तर कातडीतच मरून पडलेला असतो. त्याच्याभोवती रक्तातील विशिष्ट पांढऱ्या पेशींचा गराडा पडतो. इओसिन या लाल रंगाने त्या रंगतात म्हणून त्यांना इओसिनोफिल म्हणतात. पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने १८७९ मध्ये त्या ओळखल्या. कृमींशी लढणे हे त्यांचे काम. त्यासाठी त्या तीव्र रसायने सोडतात. डिंभाबरोबर घोड्याच्या स्वतःच्या पेशीही त्यांत भाजून निघतात. मग सूज, खाज आणि न भरणारी जखम.

एकाच तबेल्यात, त्याच माश्यांमध्ये राहणाऱ्या घोड्यांपैकी एखाद्यालाच हा त्रास होतो आणि त्यालाच तो दरवर्षी होतो. हिवाळ्यात माश्या कमी झाल्या की जखम आपोआप सुकते. या निरीक्षणांवरून ॲलर्जीची कल्पना दृढ झाली.

पण सर्वच गाठींत डिंभ सापडेनात

येथे गोष्ट संपली असती तर बरे झाले असते. पण अनेक बरसाती गाठी कापून पाहिल्या तरी डिंभाचा मागमूस नसे. त्याऐवजी खड्यांमध्ये बुरशीसारखे बारीक, फांद्या फुटलेले धागे दिसत. फ्रेडरिक स्मिथ या लष्करी पशुवैद्याने १८८४ मध्ये बरसातीवर लिहिले, आणि या रोगाचे मूळ बुरशीत असावे असा विचार तेव्हापासून पुढे आला. १८९७ मध्ये अमेरिकेत फिश या संशोधकाने फ्लॉरिडातील घोड्यांच्या अशाच गाठी तपासल्या. तेथे लोक या रोगाला ‘जळवा’ म्हणत. फिशने हिंदुस्थानातील बरसातीशी त्याचे साम्य दाखवले. पुढे १९०१ च्या सुमारास जावा बेटावर द हान आणि होगकामर या डच संशोधकांनी खड्यांतील हे धागे प्रयोगशाळेत वाढवून दाखवले.

म्हणजे बरसाती हा एक रोग नव्हताच! दोन वेगळी कारणे एकाच नावाखाली लपली होती. दोन्ही पावसाळ्यातली, दोन्ही खाजणारी, दोन्हींत खडे. वरून पाहणाऱ्याला फरक कळावा कसा?

दुसऱ्या गुन्हेगाराचे खरे रूप कळायला १९७४ साल उजाडले. पापुआ न्यू गिनीत घोड्यांच्या या रोगाला ‘दलदलीचा कर्करोग’ म्हणत. ऑस्टविक आणि कोपलंड यांनी तेथील धागे पाण्यात ठेवून पाहिले, तेव्हा त्यांतून दोन-दोन शेपट्या असलेले सूक्ष्म बीजाणू बाहेर पडले आणि पाण्यात पोहू लागले. खऱ्या बुरशीचे असे वागणे नसते. हा होता पिथियम नावाचा पाण्यातला जीव. १९८७ मध्ये त्याला ‘पिथियम इन्सिडिओसम’ असे नाव मिळाले. इन्सिडिओसम म्हणजे कपटी.

हा कपटी जीव साचलेल्या पाण्यात, कुजणाऱ्या पाल्यावर राहतो. त्याचे पोहणारे बीजाणू गवताकडे जसे ओढले जातात तसेच घोड्याच्या केसांकडेही. डबक्यात तासन् तास उभ्या राहणाऱ्या घोड्याच्या पायाला किंवा पोटाला ओरखडा असला की ते तेथे चिकटतात आणि धागे आत शिरतात. आता पुन्हा तोच प्रकार होतो. इओसिनोफिल पेशी धावून येतात, धाग्यांना वेढतात, आपली रसायने ओततात. त्या साऱ्याचा घट्ट गोळा बनतो, तोच ‘कंकर’. शरीराला वाटते शत्रूला कोंडले. प्रत्यक्षात खड्याच्या आत शत्रू सुरक्षित राहतो!

संत्र्याच्या रोगाचा नातलग

वरुड-मोर्शीकडील विद्यार्थ्यांना संत्र्याचा ‘डिंक्या’ रोग माहीत असेल. बुंध्यातून डिंक पाझरतो आणि झाड वाळते. तो रोग करणारा फायटोफ्थोरा आणि घोड्याच्या गाठी करणारा पिथियम एकाच गटातले. दिसायला दोघेही बुरशीसारखे. पण त्यांच्या पेशींची भिंत मुख्यतः सेल्युलोजसारख्या पदार्थांची असते. बुरशीनाशक औषधे बुरशीच्या पेशीतील ज्या अर्गोस्टेरॉल या पदार्थावर घाव घालतात, तो पिथियममध्ये नसतोच. म्हणून ती औषधे येथे फारशी चालत नाहीत. कारण नीट न ओळखता औषध दिले, तर औषध वाया जाते आणि घोडाही.

हे केवळ घोड्यांपुरते नाही. थायलंडमध्ये माणसांनाही हा रोग झालेला आहे. हैदराबादच्या नेत्रतज्ज्ञांनी गेल्या काही वर्षांत याच जीवामुळे बुबुळ दुखावलेले अनेक रुग्ण नोंदवले. बुरशी समजून उपचार केले तर डोळा गमावण्याची भीती असते. पिथियम ओळखला गेला तर लिनेझोलिड, अझिथ्रोमायसिन अशी जंतुनाशके वापरतात.

रोग्याच्या शत्रूचीच लस

घोड्यांसाठी एक युक्ती ऑस्ट्रेलियात सापडली. मिलर यांनी १९८१ मध्ये, प्रयोगशाळेत वाढवून मारलेल्या या जीवाचे इंजेक्शन आजारी घोड्यांना दिले. अनेक घोडे बरे झाले. रोग ताजा असेल तर यश अधिक. लस सामान्यतः रोग होण्यापूर्वी देतात. येथे ती रोग झाल्यावर दिली. या लसीने शरीराची प्रतिकाराची दिशाच बदलते, असे पुढील संशोधकांचे मत आहे. इओसिनोफिल पेशींचा निष्फळ गराडा कमी होतो आणि शत्रूला खरोखर मारणाऱ्या पेशी पुढे येतात. म्हणजे ॲलर्जीचा रस्ता सोडून शरीर लढाईचा योग्य रस्ता धरते.

हॅब्रोनेमाचा बंदोबस्त आयव्हरमेक्टिन या औषधाने सोपा झाला. जपानच्या मातीतील सूक्ष्मजीवापासून निघालेल्या या औषधासाठी ओमुरा आणि कॅम्पबेल यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जठरातील कृमी मेले की माश्यांना वाहून नेण्यास काही उरत नाही. जोडीला ॲलर्जी शमवणारे औषध दिले की जखम भरते.

तुम्ही काय कराल?

घोड्याच्या अंगावर गाठ दिसली तर प्रथम वहीत चार गोष्टी लिहा. गाठ कोणत्या महिन्यात आली? अंगावर नेमकी कोठे? घोडा डबक्यात उभा राहतो का? मागल्या वर्षीही आली होती का? डोळ्याच्या कोपऱ्यात किंवा जुन्या जखमेवर असेल तर माशीचा संशय घ्या; पाण्यात बुडणाऱ्या भागावर असून झपाट्याने वाढत असेल तर पिथियमचा. हा झाला नुसता संशय. निकाल लागतो तो गाठीचा लहानसा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर. ते काम पशुवैद्यांचे.

गाठीला हात मात्र लावू नका. शेंबा नावाच्या भयंकर रोगातही घोड्याच्या अंगावर गाठी येऊन फुटतात. तो रोग माणसालाही होतो. २००६ मध्ये पुणे आणि पाचगणी येथील घोड्यांत तो आढळला होता. अशा घोड्याला नाइलाजाने मारावे लागते, नाहीतर इतर जनावरे आणि माणसे धोक्यात येतात. म्हणूनच ‘बरसातीच असेल’ असे म्हणून स्वस्थ बसणे बरे नव्हे.

दोन कामे मात्र तुम्ही स्वतः करू शकता. लीद रोज उचलून तबेल्यापासून दूर खड्ड्यात टाकायची आणि मातीने झाकायची. कुजताना आत निर्माण होणाऱ्या उष्णतेने माशीच्या अळ्या मरतात. तसेच तबेल्याजवळची डबकी बुजवायची. ग्रामसफाईचा पाठ मोझरीला नवा नाही. त्याच सफाईने माशीची आणि कृमीची साखळी तुटते, आणि पिथियमच्या बीजाणूंना पोहायला पाणीही उरत नाही.